मावशींचा डबा आणि विमानातले पाणी



आमच्या वस्तीतल्या एक मावशी गेल्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. वय साठीच्या घरात, नवरा कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, लेक पुण्याला दिलेली. लेकीचे दिवस भरत आले होते आणि रेल्वेचे तिकीट काही केल्या प्रतीक्षा यादीतून पुढे सरकेना. शेवटी जावयाने नागपूर-पुणे विमानाचे तिकीट काढून मोबाईलवर पाठवले. मावशींनी ते अर्ध्या वस्तीला दाखवले. आदल्या रात्री ज्वारीच्या भाकरी, सुके चून आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असा डबा बांधला, आणि पहाटे साडेतीनला चंद्रपुरातून नागपूरच्या गाडीत बसल्या.

मावशींना साखरेचा त्रास आहे. पहाटे गोळी घेतली, पण गाडी लागते म्हणून तोंडात काही टाकले नाही. विमानतळावर चहाचा भाव पाहिला आणि पाय मागे घेतला. विमानात खाण्यापिण्याची ढकलगाडी आली. बाजूच्या गृहस्थाने काहीतरी घेतले आणि कार्डाने पैसे दिले. ते पाहून मावशींनी मनाशी ठरवून टाकले की इथे घोटभर पाणीसुद्धा विकतच असणार. ती हवाई सुंदरी हसून काही विचारायची आणि मावशी मान हलवून ‘नको’ म्हणायच्या. पुण्याला उतरल्या, सामानाच्या पट्ट्याजवळ उभ्या राहिल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथे झाडू मारणाऱ्या एका ताईने त्यांना धरून खाली बसवले, पाणी पाजले, पदराला बांधलेली गोळी-बिस्किटे दिली. मांडीवरच्या पिशवीत डबा तसाच भरलेला होता.

महिन्याभराने मावशी परत आल्या तेव्हा मी विचारले, "मावशी, डबा होता ना संगं? खाल्ला काहून नाही?"

मावशी म्हणाल्या, "कसा काढू बाबू? बाजूले साहेब बसला होता. भाकर अन् ठेचा काढला असता त सारं इमान वासानं भरलं असतं. लोकं काय म्हनले असते?"

"आन् पानी?"

"पानीई पैशाचंच असन म्हून मांगतलंच नाही. दहा रुपयाची बाटली तिथं कितीले देतेत, कोनाले ठाऊक!"

वाचकहो, ही गोष्ट मी त्या दिवशी संध्याकाळी चौकात सांगितली आणि दोन तट पडले. एक जण म्हणाला, "हजारो रुपये तिकिटाचे घेतात आणि वर चहाचेही वेगळे घेतात, ही लूट आहे." दुसरा म्हणाला, "परवडत नसेल त्याने रेल्वेने जावे, कुणी बोलावले विमानात?" मी पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही. म्हणून या वेळच्या सदरात हाच हिशेब मांडतो.

विमानातले खाणे पूर्वी फुकट होते आणि आता विकत झाले, असे आपण समजतो. पण सुरुवातच विकतच्या डब्याने झाली आहे. ११ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडन ते पॅरिस या हॅन्डली पेज कंपनीच्या विमानात प्रवाशांना खाण्याचे डबे मिळाले. विमानातले ते पहिले जेवण मानले जाते. डब्यात सँडविच आणि फळे होती आणि किंमत होती तीन शिलिंग. पुढे कंपन्यांनी खाण्याचा खर्च तिकिटातच घातला, वेगळे पैसे मागणे बंद केले आणि त्यालाच लोक ‘फुकट’ म्हणू लागले.

आपल्या देशात १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स आली. तिच्या विमानात ट्रेमध्ये जेवण येत असे. पण ते कोण खात होते? मोठे अधिकारी, मंत्री, व्यापारी. आपल्या आईबापांनी विमान पाहिले ते रोवणी करताना कंबर सरळ करून, मान वर करून. त्या ट्रेमधल्या जेवणाची किंमत तिकिटात होती आणि ते तिकीट आपल्या आवाक्याबाहेर होते.

२००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. पहिले विमान त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंगळूर ते हुबळी असे गेले. त्यांचा विचार साधा होता. प्रवाशाला एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे, बाकी सगळे वगळायचे. जेवण बंद, ज्याला हवे त्याने विकत घ्यावे. काही थोडी तिकिटे त्यांनी एक रुपयातही विकली. २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो याच वाटेने आल्या.

जेवण काढून टाकल्याने वाचते काय? नुसते पोळीभाजीचे पैसे नाहीत. गरम जेवण द्यायचे म्हणजे विमानात भट्ट्या हव्या, ट्रे हवे, त्यांचे वजन आले. वजन वाढले की इंधन जास्त जळते, आणि विमान कंपनीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा इंधनाचाच असतो. खरकटे काढायला, विमान झाडायला वेळ जातो, तेवढा वेळ विमान जमिनीवर उभे राहते. उभे विमान म्हणजे बंद पडलेली गिरणी. शिवाय स्वयंपाकाची जागा कमी केली, खुर्च्या जवळ-जवळ आणल्या की माणसे जास्त बसतात. ज्या एअरबस विमानात जेवण देणाऱ्या कंपन्या दीडशेच्या आसपास खुर्च्या ठेवत, त्यातच स्वस्त कंपन्यांनी एकशे ऐंशी बसवल्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने १९८० च्या दशकात प्रत्येक ताटातले एक ऑलिव्हचे फळ कमी करून वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवल्याची गोष्ट तर व्यवस्थापनाच्या वर्गात आजही सांगितली जाते.

या काटकसरीचा फायदा आपल्यालाही झाला, हे मान्य केले पाहिजे. वस्तीतली पोरे हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला नोकरीला गेली आणि अडीअडचणीला विमानाने घरी येऊ शकली, ती या स्वस्त तिकिटांमुळे. २०१७ साली केंद्र सरकारची उडान योजना सुरू झाली. तासाभराच्या उड्डाणाच्या काही जागांना अडीच हजार रुपयांची मर्यादा होती. पहिल्याच दिवशी, २७ एप्रिलला, आपल्या राज्यातल्या नांदेडहून हैदराबादला विमान सुटले. गडचिरोलीच्या शेजारच्या गोंदियातल्या बिरसी विमानतळावरूनही १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे विमान हैदराबादकडे उडाले. चहा वेगळ्या पैशाने मिळतो म्हणून या गोष्टी नाकारता येणार नाहीत.

आणि फुकटच्या ताटाचेही एक सत्य आहे. ताट देणारा ठरवतो, खाणाऱ्याने मुकाट खायचे. सरकारी एअर इंडियाने जानेवारी २०१६ पासून तास-दीड तासाच्या उड्डाणात फक्त शाकाहारी खाणे सुरू केले आणि जुलै २०१७ मध्ये देशांतर्गत विमानांच्या साध्या वर्गातून मांसाहार बंदच केला. खर्च आणि नासाडी कमी करायची असे कारण दिले गेले. महागड्या वर्गात मात्र तो चालू राहिला. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली आणि त्यानंतर साध्या वर्गातही तो पुन्हा मिळू लागला. तेव्हा फुकट म्हणजे न्याय आणि विकत म्हणजे अन्याय, इतका हा हिशेब सोपा नाही.

मग मावशींना घेरी आली त्याचा दोष कुणाचा?

वाचकहो, कंपन्यांच्या हिशेबात एक रकाना सुटलेला आहे. त्या म्हणतात, उड्डाण दीड तासाचे, एवढ्या वेळात कुणाला भूक लागते? मुंबईत, पुण्यात विमानतळापासून तासाभरावर राहणाऱ्या माणसासाठी ते खरे आहे. आपल्यासाठी नाही. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान उडत नाही. गडचिरोली जिल्ह्यात तर विमानतळच नाही. आपले विमान नागपूरला, सोनेगावच्या ज्या विमानतळाला २००५ पासून बाबासाहेबांचे नाव आहे तिथून सुटते. चंद्रपूरपासून ते दीडशे किलोमीटर. गडचिरोलीहून त्याहून जास्त. भामरागड, सिरोंच्याच्या माणसाला आधी गडचिरोली गाठायलाच अर्धा दिवस लागतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला तर तेही हातात नाही. त्यात विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे. विमान हवेत दीड तास असते, पण आपला माणूस घर सोडून दहा-बारा तास झालेले असतात. त्याची भूक धावपट्टीवरून मोजायची नसते, घराच्या उंबरठ्यापासून मोजायची असते.

हा रकाना कंपनी भरणार नाही. तो आपल्यालाच भरायचा आहे. त्यासाठी तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली गोष्ट पाण्याची. देशातल्या विमान कंपन्यांवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची देखरेख असते. त्याला सगळे डीजीसीए म्हणतात. कोणत्या सोयींचे पैसे तिकिटापासून वेगळे करून घेता येतील, त्याची यादी या कार्यालयाने २०१५ च्या परिपत्रकात दिली आहे. पसंतीची खुर्ची, जादा सामान, खाणे, पेये अशा बाबी त्यात आहेत. मात्र खाण्यापिण्याच्या बाबीपुढेच स्पष्ट लिहिले आहे की पिण्याचे पाणी वगळून. म्हणजे चहाचे पैसे घ्या, सरबताचे घ्या, पण प्यायच्या साध्या पाण्याचे नाही. बाटली विकत असेल, पण पेलाभर पाणी मागितले तर ते द्यायचे आहे, आणि मागितल्यावर देतातही. मावशींना फक्त "पाणी द्या" एवढे दोन शब्द बोलायचे होते.

पाण्याची किंमत आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. महाडचे १९२७ साल आपल्या घराघरात ठाऊक आहे. विमानातल्या पेल्याची त्याच्याशी बरोबरी मी करत नाही, कारण इथे मावशींना कुणीही अडवले नव्हते. पण तेच मला जास्त लागले. कुणी अडवले नसताना आपली बाई तहानलेली राहिली, कारण हक्क कागदावर होता आणि तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

दुसरी गोष्ट उशिराची. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना कंपनीने खाणे आणि चहापाणी विनामूल्य द्यायचे, असा डीजीसीएचाच नियम आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची आहे. नागपूरहून मुंबई, पुणे, हैदराबाद ही सगळी उड्डाणे पहिल्या प्रकारात येतात. म्हणजे एरवी विकत असलेले खाणे उशीर झाला की कंपनीची जबाबदारी होते. धुके, वादळ अशा कारणांनी उशीर झाल्यास रोख भरपाई मागता येत नाही, पण त्या वेळीही खाण्यापाण्याची विचारणा करायला संकोच धरू नये.

हा नियम मला कसा कळला तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या मुलाखतीसाठी त्याच्यासोबत गेलो होतो. परतीच्या वेळी विमान आधी एक तास, मग दोन, मग साडेतीन तास उशिरा असे कळत गेले. कंपनीचे नाव लिहीत नाही. खिडकीवरची मुलगी प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, "थोडा वेळ थांबा." एका आईच्या कडेवरचे लेकरू रडत होते. मी चळवळीत मोर्चे काढलेला माणूस, पण त्या चकचकीत जागेत माझाही आवाज निघेना. शेवटी एका कॉलेजच्या पोराने मोबाईलवर नियम काढला आणि मोठ्याने वाचला. मी आणि आणखी चार जण त्याच्यामागे उभे राहिलो. दहा मिनिटांत नाश्त्याच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला वरून जेवढे सांगितले तेवढेच ती बोलत होती, आपल्यासारखीच पगारी माणूस. पण चिठ्ठ्या आधीपासून ठरलेल्या होत्या आणि कुणी मागेपर्यंत निघाल्या नाहीत, एवढे माझ्या ध्यानात राहिले.

नियम पाळला नाही तर काय होते, तेही आपल्याच राज्यात दिसले आहे. १४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवावे लागले. आधीच कितीतरी तास रखडलेले प्रवासी विमानातून बाहेर आले आणि विमानाशेजारी, जिथे गाड्या आणि विमाने फिरतात त्या मोकळ्या जागेवर बसून जेवले. ती चित्रफीत देशभर फिरली. सुरक्षा यंत्रणेने इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड केला. मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीलाही दोन कार्यालयांनी मिळून ९० लाखांचा दंड केला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर इंडिगोची उड्डाणे इतकी रद्द झाली की ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त विमाने उडाली नाहीत. लोक आपल्या पेट्यांवर डोके ठेवून विमानतळावर पडून राहिले. अशा वेळी विमानतळ आणि आपल्या बसस्थानकात काही फरक उरत नाही. तिथे उपयोगी पडतो तो घरचा डबा आणि नियमाची माहिती.

तिसरी गोष्ट तिकीट काढतानाची. आपल्यापैकी पुष्कळ जण तिकीट स्वतः काढत नाहीत. दुकानात ऑनलाइनवाल्याकडे जातो, नाहीतर पोरांना सांगतो. तिकिटाबरोबर खाणे, खुर्ची, विमा असे एकेक खाते जोडायची सोय असते. ही जादा सोय प्रवाशाने स्वतः मागितली तरच जोडायची, न विचारता नाही, असा नियम आहे. म्हणून पैसे देण्याआधी पडद्यावरचा हिशेब वाचून घ्या. भाडे किती, कर किती, जादा काय जोडले, ते विचारा. लहान मूल सोबत असेल तर त्याच्याजवळ बसण्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच प्रवासातल्या आई किंवा वडिलांजवळ जागा दिली पाहिजे, असे डीजीसीएने २०२४ मध्ये सांगितले आहे. आणि खाणे हवेच असेल तर ते आधी नोंदवलेले बहुधा स्वस्त पडते.

ही पद्धत आता रेल्वेतही आली आहे, तेव्हा विमानात न बसणाऱ्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आपल्या चंद्रपूरला आणि बल्लारशाहला थांबते. तिचे तिकीट काढताना जेवण हवे की नको, असा प्रश्न येतो. ‘नको’ म्हटले तर तेवढे पैसे कमी होतात. घरचा डबा नेणाऱ्याला हा सरळ फायदा आहे. पण काढून देणाऱ्याने न विचारता ‘हवे’ दाबले तर भुर्दंड आपल्यालाच.

रेल्वेकडून विमानतळांनी शिकण्यासारखेही काही आहे. साध्या डब्यातल्या प्रवाशांसाठी रेल्वेने वीस रुपयांत पुरी-भाजी आणि तीन रुपयांत पाण्याचा पेला अशी सोय कितीतरी फलाटांवर केली. एसटीनेही २०१६ मध्ये ठरलेल्या थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आणली होती. विमानतळावरच्या चहाचे भाव डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत गाजले, आणि त्याच महिन्यात कोलकात्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. तिथे दहा रुपयांत चहा, दहा रुपयांत पाणी आणि वीस रुपयांत समोसा ठेवला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईलाही तसा कॅफे निघाला. म्हणजे मनात आणले तर जमते. जिथे लांबून, रात्रीचा प्रवास करून माणसे येतात, अशा प्रत्येक विमानतळावर ही सोय असली पाहिजे.

तक्रार करायची वेळ आली तर घाबरू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विमान प्रवासाच्या तक्रारींसाठी सरकारचे एअरसेवा हे संकेतस्थळ आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की मुंबईत, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही. म्हणजे गडचिरोलीच्या माणसाने गडचिरोलीतच अर्ज द्यायचा. तिकीट, उशिराचे आलेले संदेश, बिलाची पावती एवढे जपून ठेवा. कागद असेल तर बोलणे सोपे जाते, हे मी पंचवीस वर्षे कागदांत काढलेला माणूस सांगतो.

आता राहिला तो डबा. आईबहिणींना माझे खास सांगणे आहे. देशातल्या प्रवासात घरचे कोरडे खाणे विमानात नेता येते. पोळ्या, भाकरी, सुके चून, तिखट-मिठाच्या पुऱ्या, मुरमुऱ्याचा चिवडा बिनधास्त न्या. तेल सुटणारे लोणचे, पातळ भाजी टाळा, तपासणीत उगाच वाद होतो. खोबऱ्याची वाटी नेऊ नका, सुके खोबरे पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडते म्हणून अडवतात. साखरेच्या माणसाने गोळीची वेळ आणि खाण्याची वेळ आधी जुळवून घ्यावी, विमानाच्या भरवशावर राहू नये. आणि भूक लागली की डबा उघडावा. बाजूच्या साहेबाने शंभरावर रुपये देऊन जे घेतले तेही खाणेच आहे आणि त्यालाही वास आहे. तो लाजत नाही. कोळशाच्या खाणीत, धानाच्या बांधीत, तेंदूपत्त्याच्या फळीवर राबून ज्या भाकरीने घर उभे केले, शाळा शिकवली, त्या भाकरीने कुणासमोर का म्हणून खाली पाहावे?

कंपन्यांकडे आपले मागणे मात्र ठेवायचेच. चहाचा भाव त्यांनी ठरवावा, तो व्यापार आहे. पण विमान सुटण्याआधी पट्टा कसा बांधायचा ते जसे सांगतात, तसेच "पिण्याचे पाणी विनामूल्य आहे, मागून घ्या" हे एक वाक्य सांगावे. हिंदी-इंग्रजीसोबत, महाराष्ट्रातून सुटणाऱ्या विमानात मराठीतही सांगावे. खाण्याच्या दरपत्रकावर पहिल्या ओळीत ते छापावे. याला खर्च शून्य आहे. तसा एक अर्ज मी डीजीसीएच्या नावाने तयार केला आहे. आमच्या वस्तीतल्या त्रेचाळीस जणांनी त्यावर सह्या केल्या. त्यातले विमानात बसलेले जेमतेम सहा असतील, पण बाकीच्यांची पोरे बसणार आहेत. आपापल्या वस्तीत, महिला मंडळात, बचत गटात असाच अर्ज लिहून पाठवा.

परवा मावशी पुन्हा पुण्याला जाऊन आल्या, नातवाचे जावळ होते. मी विचारले, "या बारीले पानी मांगतलं का?"

"मांगतलं ना जी," मावशी म्हणाल्या. "दोनदा मांगतलं, दोनदा देल्लं त्या पोरीनं. पैसे नाही घेतले."

"आन् डबा?"

"खाल्ला," मावशी म्हणाल्या. "ठेचा तेवढा झाकून ठेवला. तो लेकीसाठी होता."